भागचंदचा हिमालय आणि धापूबाईचं मीठ

कामरगावातून मोटारसायकलवर हिमालयात जाऊन आलेला माणूस एकच, आमचा भागचंद कापडवाला. दुसऱ्या कुणी हा पराक्रम केला असता तर त्यानं सगळ्या गावाचे कान किटवले असते. भागचंदला कुणी विचारलं तर तो हातातल्या लुगड्याची घडी मोडतो आणि पुन्हा घालायला लागतो. विचारणारा कंटाळून निघून जातो. मी मात्र जात नाही, कारण मी त्याला सातवीपासून ओळखतो आणि माझा स्वभावही जरा चिवट आहे.

आम्ही एका वर्गात होतो. मी, इंद्रभान, शिकत गेलो आणि गावातल्याच शाळेत मास्तर झालो. भागचंदचा बाप अचानक वारला, तेव्हा त्याला सातवीतून काढून गादीवर बसवलं. दुकान खरं त्याची आई धापूबाई चालवायची. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की याला काय हवं आणि हा काय घेणार, हे दोन्ही तिला कळायचं. पण दुकानावर पुरुषमाणूस दिसला पाहिजे, म्हणून भागचंदला पांढरी टोपी घालून बसवलं, आणि तो बसला. लग्न झालं, प्रेमाबाई घरात आली, तरी हा बसलेलाच. त्याच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही, पण दुकानासमोरून ट्रक गेला की त्याची मान ट्रक दिसेनासा होईपर्यंत वळलेली राहायची. हे मी पाहायचो, आणि मला वाटतं धापूबाईही पाहायची.

त्या घरात आपसात मारवाडी बोलायचे आणि गावाशी वऱ्हाडी. मी त्यांचं बोलणं आमच्याच बोलीत सांगतो, कारण मला तीच येते. धापूबाई मला ओट्यावर बसवायची, आत नाही. आम्ही बौद्ध झालो होतो, पण तिच्या लेखी आम्ही जे होतो तेच होतो. ओट्यावर मात्र गूळ-पाणी दिल्याशिवाय तिनं मला कधी उठू दिलं नाही. मी रागावायचो आणि जायचोही. असं आमचं होतं.

तर एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल असेल. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. भागचंदनं अमरावतीच्या एका डॉक्टरची जुनी जावा गाडी घेतली. कारण सांगितलं की माल आणायला बरी पडते. कापडाचे गठ्ठे मोटारसायकलवर आणणारा व्यापारी मी तरी पाहिलेला नाही. धापूबाईनं गाडीला कुंकू लावलं, हळूच हॉर्न वाजवून पाहिला आणि दचकून मागे सरली. सगळी गल्ली हसली. ती पण हसली.

जैनांचं पर्युषण संपलं, अनंत चतुर्दशी झाली, तसा भागचंद म्हणाला, "माय, मुक्तागिरीले जाऊन येतो गाडीवर."

मुक्तागिरी म्हणजे परतवाड्याच्या पलीकडे, सातपुड्यातलं त्यांचं मोठं तीर्थ. त्याला नाही कोण म्हणणार? धापूबाईनं पुऱ्या आणि शेव बांधून दिली, पाणी गाळायचं फडकं दिलं. गाडी सुरू झाली तशी ती उंबऱ्यात उभी राहिली, हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "भागू घरी येतवर मले मिठाचा त्याग."

जैनांत ही रीत आहे. कुणी तूप सोडतं, कुणी दूध, कुणी साखर, कुणी मीठ. ठरावीक मुदतीचा असतो तो नियम. महाराज लोक सांगतात की काही मिळावं म्हणून नियम घ्यायचा नसतो, मन आवरायला घ्यायचा असतो. पण आया महाराजांचं तेवढंच ऐकतात जेवढं त्यांना ऐकायचं असतं. पोरगा सुखरूप जावा, त्याच्या मनासारखं व्हावं, म्हणून तिनं मीठ सोडलं. आणि मुक्तागिरी ती किती लांब? तिला वाटलं, चार घास अळणी खाल्ले की झालं.

भागचंदनं ते ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यानं स्वतःला कितीदा तरी विचारलं की गाडीच्या आवाजात आपल्याला ते ऐकू आलं नसेल का. आलं होतं. त्यानं मान हलवली होती, मी पाहिलं होतं.

भागचंद मुक्तागिरीच्या पायऱ्या चढला, दर्शन घेतलं, धबधब्याखाली तोंड धुतलं आणि खाली येऊन गाडी सुरू केली. परतवाड्याला आल्यावर डावीकडे अमरावतीचा रस्ता होता आणि उजवीकडे घाटाचा. त्याच्या मनात आलं, एवढा घाट चढून पाहू आणि परत फिरू. घाटात मुरुमाचा रस्ता, सागाचं रान आणि पाऊस नुकताच सरलेला. वळणावळणाला गाडी कलती करावी लागे. तो म्हणतो, "मास्तर, मले माहीतच नव्हतं का मी इतका हलका हावो." घाट संपला तेव्हा परत फिरायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. लक्षात आलं तेव्हा तो धारणीच्या पुढे होता आणि म्हणाला, उद्या फिरू.

त्याचं उद्या काही उगवलं नाही. खांडवा गेलं, इंदूर गेलं, आग्रा गेलं. ठिकठिकाणी धर्मशाळा होत्या, शुद्ध जेवण मिळायचं. गाडी पंक्चर झाली, चेन तुटली, तरी याच्या मनात वळायचं आलं नाही. इकडे कार्डं यायची. 'दर्शन उत्तम झाले. थोडे पुढे जातो. काळजी नसावी.' धापूबाईला वाचता यायचं, तरी ती कार्ड माझ्याकडे द्यायची आणि विचारायची, "मास्तर, हे गाव नकाशात कुठं हाये?" मी शाळेतला नकाशा ओट्यावर आणून पसरायचो. ती बोट ठेवायची, आणि प्रत्येक कार्डागणिक बोट वर वर जायचं. तिचा चेहरा उतरत चालला होता. भर कापसाचे दिवस, दुकानात गर्दी, आणि ही अळणी भाकरीचा घास ताकाबरोबर ढकलायची. प्रेमाबाईनं एकदा म्हटलं की नियम सोडा, महाराजांना विचारून प्रायश्चित्त घेऊ. धापूबाई तिच्यावर अशी खवळली की प्रेमाबाई दिवसभर गोदामातून बाहेर आली नाही.

भागचंदचा मला भारी राग यायचा. मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तिकडे तो कुलूच्या पुढे चढत होता. डांबर मागे राहिलं होतं. रस्ता म्हणजे डोंगराच्या कडेला पसरलेली गिट्टी. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला नदीचा नुसता आवाज. मजूर बायका पाठीवर पोरं बांधून दगड फोडत बसलेल्या. गिट्टीत चाक हातचं सुटतं. तिथं ब्रेक दाबायचा नाही, हँडल घट्ट धरायचं नाही, गाडीला तिच्या मनानं थोडं डुलू द्यायचं, हे त्याला एका ट्रकवाल्यानं शिकवलं. शिकायच्या आधी तो एका वळणावर पडलाच. गुडघा सोलला, धोतर फाटलं. आणि पडल्या पडल्या तो हसायला लागला. एकटाच, डोंगरात, रक्त पुसत.

मग तो खिंडीवर पोचला. तिथलं मला सांगताना त्याचा आवाज अजून बदलतो. चहूकडे बर्फाचे डोंगर, एकामागे एक, आणि शेवटचा कुठला ते कळत नाही. वारा एवढा की गाडी धरून उभं राहावं लागत होतं. तो म्हणाला, "गादीवर बसलो तवापासून मले कोणी ना कोणी काही मागतच राह्यलं. कापडाचं थान दाखव, दुसरं दाखव, हिशेब कर, उठ, बस. तिथं कोणी काहीच मागत नव्हतं." तो दिवसभर तिथं बसून राहिला. आणि त्या दिवसभरात त्याला आईची आठवण एकदासुद्धा आली नाही.

खिंडीपलीकडच्या गावात एका म्हातारीनं त्याला घरात घेतलं. भिंतीला बुद्धाचं चित्र होतं, त्यामुळे त्याला मी आठवलो म्हणे. बरं झालं, कुणीतरी आठवलं. म्हातारीनं चहा दिला. परक्याच्या घरचं पाणी तो घेत नसे, पण चहाचं पाणी उकळलेलं असतं म्हणून त्यानं घेतला आणि घोट घेतला. चहा खारट होता. तिकडे चहात लोणी आणि मीठ घालतात. म्हातारी कौतुकानं त्याच्याकडे पाहत होती. भागचंदच्या तोंडात मीठ आणि डोळ्यांपुढे आमची गल्ली, उंबऱ्यात हात जोडून उभी असलेली आई. तो घोट त्याला गिळवेना आणि थुंकवेना. शेवटी गिळला. वाटी संपवली, म्हातारीच्या पाया पडला आणि त्याच पावली गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर त्यानं डोंगराकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी काय सांगायचं एवढंच डोक्यात. मजा आली म्हणून सांगायचं? तिनं अळणी खाल्लं आणि मी मजा केली? जितकं घर जवळ यायला लागलं, तितकी त्याला आपल्या मजेचीच लाज वाटायला लागली.

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हा तो आला. काळा पडलेला, दाढी वाढलेली. गल्ली जमली, मी पण ओट्यावर गेलो. दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून प्रेमाबाईनं लगबगीनं सासूचं ताट वाढलं आणि वाटीत चिमूटभर मीठ आणून भागचंदच्या हातात दिलं. त्यानं ते आईच्या ताटात घालायचं, म्हणजे नियम पुरा झाला.

धापूबाईनं त्याचा हात धरला. "थांब. आधी सांग, काय काय पाह्यलं?"

"काही नाही माय. नुसती धूळ अन् गिट्टी. उगीच गेलो."

"डोंगर?"

"डोंगर काय, आपल्या इकडल्यासारखेच. जरा मोठे."

"मन नाही रमलं तुयं?"

"नाही. सारा वखत तुईच आठवण येत होती."

आईला बरं वाटावं म्हणून त्यानं हे सांगितलं. कुठल्या आईला याचं बरं वाटणार नाही? पण धापूबाईचा चेहरा पडला. तिनं मिठाची वाटी हळूच बाजूला सारली आणि म्हणाली, "आज राहू दे. उद्या पाहू." भागचंदला वाटलं, थकली असेल. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बसनं कारंजाला गेली. तिथं महाराजांचा चातुर्मास होता. संध्याकाळी परत आली आणि अळणीच जेवली. दिवाळीत अळणी जेवली. दिवाळीनंतरही अळणीच. भागचंदनं प्रेमाबाईला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की आईंनी महाराजांपुढे मिठाचा यम घेतला. मुदतीचा असतो तो नियम, आणि जन्मभराचा घेतला की त्याला यम म्हणतात. तो सुटत नाही. का घेतला ते मात्र धापूबाईनं कुणाला सांगितलं नाही.

भागचंद त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात माझ्याकडे आला आणि वर लिहिलेलं सगळं त्यानं मला सांगितलं. चहाचं सांगताना तो रडला. माझा राग काही तेवढ्यानं गेला नाही.

मी म्हटलं, "जा अन् आत्ताच्या आत्ता तिले सांग."

"आता काय फायदा? यम तं सुटत नाही. सांगतलं तं तिले कळंन का मी तिकडं मजा मारत होतो अन् ती इकडं अळणी खात होती. आता जलमभर अळणी खायाचं, अन् वरून हे पण?"

"मंग गप बसून काय होईन?"

"निदान तिले वाटंन का पोराले आपली आठवण येत होती."

तो उठून घरी गेला. त्यानं गाडी गोदामात नेऊन पोत्यांखाली घातली. स्वतः मीठ सोडून पाहिलं, तर धापूबाई त्याच्या समोर बसली आणि त्यानं मिठाचा घास खाईपर्यंत उठली नाही. त्याला ती शिक्षाही घेऊ देईना. तो दुकानात पूर्वीपेक्षा जास्त राबायला लागला, आईचे पाय चेपायला लागला, ती काही बोलायच्या आत हजर व्हायला लागला. लोक म्हणत, प्रवासानं पोरगं सुधारलं. मला ते ऐकवत नसे. धापूबाई मात्र त्याच्याकडे पाहत राहायची, आणि त्याची मान आता ट्रकमागे वळत नाही हे तिच्याही लक्षात आलं होतं.

पुढच्या वर्षी पर्युषण आलं आणि सरलं. ते सरलं की या लोकांचा क्षमेचा दिवस असतो. त्या दिवशी लहान-मोठा, नोकर-मालक सगळे हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून. शब्द ठरलेले असतात, त्यामुळे कुणाला काही उघडं करावं लागत नाही. भागचंदला ही सोय फार आवडली असावी. सकाळीच त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवून ते ठरलेले शब्द म्हटले आणि उठला. मी ओट्यावर होतो. धापूबाईनं माझीही क्षमा मागितली. मी म्हटलं, "शेठाणी, तुमी मोठ्या." ती म्हणाली, "क्षमेले लहान-मोठं नसते मास्तर." मग मला ओट्यावरच गूळ-पाणी दिलं.

मग ती भागचंदकडे वळली, हात जोडले आणि ठरलेले शब्द सोडून भलतंच बोलायला लागली.

"भागू, मायी चूक झाली. तू गेलता तवा दिवाळीच्या शेवेचं पीठ मी मळून राह्यली होती. सवयीनं चाखून पाह्यलं. त्याच्यात मीठ होतं. लगेच थुकलं, चूळ भरली, पण नियम तं मोडला. त्याच्यानंच एवढ्या दूर जाऊन तुले काही दिसलं नाही. लहानपणापासून तुले गादीवर डांबलं मी. एकदा पोरगा मनासारखा फिरून येवो, एवढंच मांगलं होतं, ते पण माया जिभेनं घालवलं. म्हून मी यम घेतला. मले क्षमा कर."

भागचंदनं वाकून तिचे पाय धरले. प्रेमाबाई दारातून पुढे आली. मी माझ्या जागेवरून हललो नाही, पण मनातून मला सुटल्यासारखं झालं. आता याला बोलावंच लागणार होतं.

तो बोलला. पाय न सोडता, खाली मान घालून, सगळं. घाट, गिट्टी, पडून हसणं, खिंड, तिथं दिवसभर तिची आठवण न येणं, खारट चहा. एकदाही थांबला नाही. मी धापूबाईकडे पाहत होतो. मला वाटलं आता ती त्याच्या थोबाडीत देईल. मी असतो तर दिली असती.

तो थांबल्यावर ती त्याच्याशेजारी खाली बसली. मग म्हणाली, "बरफ होता म्हंतो?"

"होता माय."

"लई?"

"जिकडं पाहावं तिकडं."

"मंग मले तवाच काहून नाही सांगतलं रे?"

"तू अळणी खाऊन राह्यली होती, अन् मी तिकडं मजा करून राह्यलो होतो. कोणत्या तोंडानं सांगू?"

"अरे, तुले मजा यावी म्हून तं खाऊन राह्यली होती मी."

भागचंदला हुंदका आवरेना. त्यानं तशीच आत धाव घेतली, चिमूटभर मीठ आणलं आणि तिच्यापुढे हात धरला. "आता तं कळलं ना? आता घे."

तिनं त्याची मूठ मिटवली. रागानं नाही, समजावल्यासारखी. "यम आहे तो बेटा. माया तोंडातून निघाला. तो कोठून सुटते?"

त्यानंतर धापूबाई सात-आठ वर्षं जगली असेल. रोज दिवस बुडायच्या आत मायलेक जेवायला बसत. तिच्या ताटात अळणी भाजी असे. पहिला घास घेतला की ती म्हणायची, "सांग." भागचंद काय सांगू म्हणून विचारायचा, आणि ती म्हणायची, "तू वळणावर पडला, तिथून सांग." तो सांगायचा. ती चवीनं ऐकत घास घ्यायची, मध्येच हसायची, आणि तो सांगता सांगता थांबला की त्याच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणायची, "जेव ना, थंडं होऊन राह्यलं." त्याच्या भाजीत मीठ असायचं, आणि तिच्यासमोर बसून तो ती खायचा.